रिठावरची कोबी

दर्यापूरकडच्या एका खात्यापित्या शेतकऱ्याला मी पहिल्यांदा पानकोबीचा गड्डा दिला, तेव्हा आठ दिवसांनी तो तक्रार घेऊन आमच्या कचेरीत आला. "सायेब, पानं काढत गेलो, काढत गेलो, आत काईच नाई निंगालं! फळ कुठी हाय?" त्याच्या बायकोनं सगळी पानं म्हशीपुढं टाकली होती, आणि फळाची वाट पाहता पाहता शेवटी नुसता दांडा तिच्या हातात राहिला होता. पानं हीच भाजी, हे मी त्याला परोपरीनं सांगितलं. त्याला ते पटलं नाही. "म्हंजे टरफलंच खायाचे म्हना ना," असं म्हणून तो निघून गेला.

अशा मुलखात कोबी, फुलकोबी, नवलकोल, गाजर, वाटाणा लावायला शिकवायचं, ही माझी नोकरी. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. शेतकी खात्यात मी कामदार, म्हणजे गावोगाव फिरणारा कनिष्ठ नोकर, म्हणून लागलो आणि पुढं भाजीपाल्याचं काम माझ्याकडं आलं. मुक्काम अमरावतीला. वाहन म्हणजे सायकल, आणि तिच्या कॅरियरला दोरीनं बांधलेला बियांचा पत्र्याचा डबा. आमच्या घरी वडील मास्तर, काका वकील. शेतात पाय घालणारा मीच पहिला. त्यामुळं घरचे मला शेतकरी समजत आणि शेतकरी मला मास्तर.

थंडीच्या भाज्यांचं एक कोडं असतं. ही भाजी थंडी खाते, पण थंडी पडल्यावर लावली तर हातची जाते. पोळा झाला, पाऊस अजून मागंपुढं करतो आहे, ऊन अंगाला चावतं आहे, अशा दिवसांत गादीवाफे करायचे, बी टाकायचं, वर तुराट्यांचा मांडव घालायचा. रोपं बोटभर झाली की दसऱ्याच्या सुमारास त्यांची लावण. म्हणजे दिवाळीनंतर थंडी येते तेव्हा झाड पायावर उभं असतं, आणि पौषात गड्डा भरतो. महिनाभर उशीर केला, की शिवरात्रीचं ऊन गड्डा फोडून टाकतं. घामाघूम शेतकऱ्याला भादव्यात सांगायचं, "बाबा, थंडी येते आहे, तयारीला लाग," आणि त्यानं वर आभाळाकडं आणि मग माझ्याकडं पाहायचं, असं कितीतरी वेळा झालं.

दुसरी अडचण जमिनीची. आमची काळी कापसाला चांगली, पण भादव्यातल्या कोवळ्या रोपाला नाही. पाऊस आला की तिचा चिखल होतो, उघडला की तडे जातात. रोपाचं मूळ एकदा कुजतं, नाहीतर एकदा तुटतं. पहिल्या दोन वर्षांत माझी अर्धी प्रात्यक्षिकं याच कारणानं बुडाली. मी भुसभुशीत, पाणी न धरणाऱ्या जमिनीच्या शोधात होतो, आणि अशी जमीन मला वलगावच्या पुढं, पेढी नदीच्या अंगाला सापडली. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं अजून माणसं भाजी पिकवतात.

गावातला किसनराव हा माझ्याच वयाचा, पस्तिशीच्या आतला कुणबी शेतकरी. सातवी शिकलेला, नव्या गोष्टींची हौस असलेला. त्याच्याबरोबर त्याची शेतं पाहत फिरत होतो. चारी बाजूंना कापूस उभा, आणि मध्येच चारएक एकरांचा पांढुरका उंचवटा, त्यावर तरोटा आणि बोरीची झुडपं. मी वाकून माती हातात घेतली. राखेसारखी मऊ. बोटांतून गळून गेली. जवळच दगडी बांधणीची विहीर, पाणी वर आलेलं.

"अरे, ही सोन्यासारखी जमीन पडीक का ठेवली?"

"काहून म्हंजे? रिठ हाय ना ते," किसनराव म्हणाला.

रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. वऱ्हाडात अशी पुष्कळ आहेत. सरकारी कागदावर गावाचं नाव असतं आणि जागेवर एकही घर नसतं. हे गाव मानमोडीच्या, म्हणजे १९१८ च्या तापाच्या साथीत उठलं होतं. वीस-पंचवीस मातीची घरं. पंधरा दिवसांत निम्मी माणसं गेली आणि उरलेली जी पळाली ती परत आली नाहीत. घरांची धाबी, म्हणजे मातीची सपाट छपरं, कोसळली, भिंती पावसानं विरघळल्या, आणि चाळीस वर्षांत सगळं सपाट होऊन त्यावर झुडपं आली. जमीन कागदोपत्री किसनरावच्या घराण्याची, पण आजोबापासून कोणी तिथं नांगर घातला नव्हता. गुराखीसुद्धा गुरं वळसा घालून न्यायचे.

मी त्याला समजावलं, की जिथं शेकडो वर्षं चुली पेटल्या, शेणानं भुई सारवली, गुरं बांधली, त्या पांढरीसारखं, जुन्या गावठाणाच्या मातीसारखं खत कुठल्याही दुकानात मिळणार नाही. त्यानं बराच वेळ ऐकून घेतलं. मग हसून म्हणाला, "खरं हाय. मेलेले मानसं काय कोबी खातात काय?" हसून झाल्यावर त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, हे मला आठवतं.

त्यानं झुडपं तोडली, वरवर नांगरट केली, विहिरीवर मोट चढवली. रोपं गावातल्या वाफ्यावर तयार झाली. लावणीला आठ बायका सांगितल्या होत्या. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, ऊन कललं तसा मी तिथं पोचलो, तर एकच बाई आली होती.

तिचं नाव सरूबाई. गाव तिला सरूमाय म्हणे. पन्नाशी ओलांडलेली, काटक, कमी बोलणारी विधवा. किसनराव मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, हे बाई इथलीच हाय. या रिठातली. सगळे मेले तिचे. तिचा मामा आमच्या गावचा, त्यानं आनली होती लहानपनी. इकडं कोनीच येत नाई, अन् हे आपनहून आली."

लावणीत तिचा हात धरणारी बाई मी पुढंही पाहिली नाही. दोन बोटांनी भोक, रोप आत, अंगठ्यानं एकच दाब. रोप उपटून पाहिलं तर पान तुटेल पण मूळ निघायचं नाही, अशी लावण. तिला पाहून दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायकाही आल्या, घोळक्यानं, एकमेकींना धरून.

पण सरूबाईच्या चालण्यात काहीतरी वेगळं होतं. रोपांची टोपली डोक्यावर घेऊन विहिरीपासून शेताच्या टोकाला जायचं तर बाकीच्या बायका सरळ जायच्या. ही थोडी सरळ जायची, मग उजवीकडं वळायची, मग पुन्हा सरळ. उघडं रान, मध्ये काही नाही, आणि ही बाई कोपरा आल्यासारखी वळते. एका ठिकाणी ती पदर डोक्यावर ओढून घ्यायची. आणि शेताच्या मधोमध एक जागा अशी होती, की तिथं ती टोपली खाली उतरवून काखेत घ्यायची, मान खाली घालायची, वाकून दोन पावलं टाकायची आणि मग ताठ व्हायची. डोक्यावर फक्त आभाळ.

मी एकदा विचारलं, "सरूबाई, तिथं वाकता कशाला?"

ती थबकली. स्वतःलाच नवल वाटल्यासारखी म्हणाली, "वाकली का मी? सवय असन, सायेब."

त्या दिवसापासून मीही त्या जागेवरून जाताना बाजूनं जाऊ लागलो. शेतकी पदविका घेतलेला माणूस मी. कोणी पाहत तर नाही ना, असं बघून बाजूनं जायचो.

पीक चांगलं धरलं. चौथ्या दिवशी दुसरं पाणी, पंधरा दिवसांनी खुरपणी, माव्यावर तंबाखूचं पाणी, सगळं वेळेवर झालं. मधे माझा दौरा अचलपूरकडं लागला आणि तीन आठवडे मला तिकडं फिरकता आलं नाही. दिवाळी होऊन गेली, थंडी पडली. एका सकाळी मी सायकलनं निघालो तो ऊन वर यायच्या आत रिठावर पोचलो. पेढीवरून धुकं येऊन शेताच्या कडेला थांबलं होतं. किसनराव मोट जुंपायच्या तयारीत होता, सरूबाई खुरपं घेऊन बांधावर बसली होती. विहिरीचा काठ तिथं पुरुषभर उंच आहे. पीक वरून पाहावं म्हणून मी चढलो.

खाली गाव होतं.

मी शब्दशः लिहितो आहे. कोबीच्या शेतात एक गाव उमटलं होतं. सगळीकडं हिरवी कोबी, आणि तिच्यात फिक्या, खुरटलेल्या झाडांच्या सरळ रेघा. रेघांचे चौकोन. चौकोनाला लागून चौकोन. दोन चौकोनांच्या ओळींमधून एक फिका पट्टा विहिरीपासून निघून सरळ जात होता, मग उजवीकडं वळत होता, आणि पुन्हा सरळ. काही चौकोनांच्या मागं गर्द हिरवे ठिपके. तिरपं ऊन पडलं होतं, त्यामुळं रेघ न् रेघ दिसत होती. आम्ही दोरी लावून सरळ ओळीत लावलेली झाडं तीच होती. पण आमच्या ओळी आता दिसतच नव्हत्या. दिसत होती ती घरं.

किसनरावला हाक मारली. तो चढून आला, पाहिलं, आणि काठावरच खाली बसला.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "हे काय होऊन राहिलं?"

खरं सांगतो, क्षणभर माझ्या अंगावरही काटा आला. पण लगेच मला उलगडा झाला, आणि उलगडा झाल्याच्या आनंदात माझं भय पळालं. मी त्याला समजावू लागलो. "भिऊ नको. घरांच्या भिंतींखाली पायाचे दगड असतात. तिथं मूळ खाली जात नाही, झाड खुरटतं. म्हणून या रेघा. हा फिका पट्टा म्हणजे बोळ, लोकांच्या पायांनी टणक झालेला. आणि हे काळे-हिरवे ठिपके दिसतात ना, तिथं उकिरडा असेल, गोठा असेल. जिथं काही सडलं-कुजलं, तिथं कोबीचं पान असं काळंनिळं होतं. झाड खोटं बोलत नाही."

सरूबाई केव्हा वर येऊन मागं उभी राहिली, ते मला कळलं नाही.

"अन् मानूस, सायेब?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"मानूस कुजला तं?"

शिकवण्याच्या भरात होतो मी. "तेच की. उलट हाडामांसाचं खत तर सगळ्यात..." एवढं बोललो आणि तिच्या तोंडाकडं पाहून थांबलो. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

ती खाली उतरली. फिक्या पट्ट्यातून चालत गेली. एका मोकळ्या चौकोनासमोर पदर डोक्यावर घेतला. तो मारुतीचा पार होता, हे तिनं मागून सांगितलं. कोपऱ्याला वळली. एका घरासमोर थांबली, मान वाकवली, आणि आत गेली. आत गेली असंच लिहावं लागतं. मग तिथून तिनं हाक मारली, "सायेब, इकडं या बरं जरा."

आम्ही दोघं गेलो. ती जमिनीकडं पाहत उभी होती.

"हा आमचा उंबरठा," ती म्हणाली. "चूल डाव्या अंगाला होती. खाट तिकडं, मांगच्या भिताडाले लागून." तिनं बोट केलं तिकडं साधीच झाडं होती, चारचौघांसारखी. "अन् हे पाहा."

उंबरठ्याच्या रेघेला चिकटून, आतल्या बाजूला, नऊ झाडं होती. त्यांचा रंग मी आजवर दुसऱ्या कुठल्या कोबीवर पाहिलेला नाही. जांभळ्याकडं झुकणारा काळा-निळा. बाकीचे गड्डे अजून मुठीएवढे होते, हे नारळाएवढे भरले होते. पुरुषभर लांबीच्या पट्ट्यात नऊ झाडं, दाराला समांतर.

सरूबाई तिथंच वाफ्याच्या वरंब्यावर बसली आणि बोलू लागली. चाळीस वर्षांत तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं.

साथीत तिचे आई-बाप चार दिवसांच्या आत गेले. घरात ती, वय वर्षं बारा, आणि मोठी बहीण गोदा, पंधराची. गोदाही तापानं फणफणलेली, खाटेवर. सरू भीतीनं दोन दिवस बाहेर पारावरच बसून होती. शेजारी उरलं नव्हतं कोणी. मग गावाहून मामा बैलबंडी घेऊन आला. तो बंडीवरून उतरला नाही. त्याचीही लेकरं घरी होती, त्याला आजार न्यायचा नव्हता. तो सरूला म्हणाला, "जा, गोदाले पाहून ये. जित्ती असन तं घेऊन जाऊ दोघीले."

"मी दारापाशी गेली," सरूबाई म्हणाली. "आत अंधार होता. वास येऊन राहिला होता. माहा पायच नाई उचलला, सायेब. मी उंबरठ्यावरूनच हाक मारली. गोदे, गोदे. ते बोलली नाई. मी मामाले येऊन सांगतलं, मेली म्हून."

मामानं मग उतरून, तोंडाला धोतराचा सोगा लावून दाराला बाहेरून कडी घातली. कोल्ह्या-कुत्र्यांनी आत जाऊ नये म्हणून. त्याचा काही दोष नव्हता. बंडी हलली. पाराजवळ आली, तेव्हा सरूला मागून आवाज ऐकू आला.

"दार वाजलं," ती म्हणाली. "धप. मंग अखीन एकदा, धप. मामा बैलाले हाकलून राहिला होता, त्याले ऐकू नाई आलं. मले आलं. मी काईच बोलली नाई. बोलली असती तं मी खोटी पडली असती ना? बारा वर्षाची होती मी. इतकीच अक्कल होती."

किसनरावनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता. धुकं विरत होतं. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि शिकलेला मी होतो.

मी म्हणालो, की सरूबाई, धाबं कोसळल्यावर चाळीस पावसाळे पाणी आत साचून दाराच्या उतारानं वाहिलं असणार. खाटेजवळचा सगळा कस पाण्याबरोबर उंबरठ्याशी येऊन अडला असणार. म्हणून इथली झाडं अशी. हे अगदीच खोटं नव्हतं. असं होऊ शकतं.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् हाडं? हाडं बी वाहून येतात का, सायेब?"

मी खाली वाकून एका झाडाचं पान उगाच उलटून पाहिलं.

"मंग खोदून पाहू," ती म्हणाली. "किसनभाऊ, कुदळ आन."

किसनराव माझ्याकडं पाहत होता. मी नको म्हणालो असतो तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिच्याकडं पाहून मला नको म्हणवलं नाही. त्यानं कुदळ आणली. ती नऊ झाडं सरूबाईनं स्वतः मुळासकट उपटून बाजूला ठेवली आणि ती पाठमोरी, बोळाकडं तोंड करून बसली. किसनराव घाव घालायचा, मी फावड्यानं माती ओढायचो. दहा वाजायचं ऊन होतं. माती भुसभुशीत, मधूनमधून भिंतीची ढेकळं, धाब्याच्या कुजलेल्या लाकडाचे तुकडे. गुडघाभर खोल गेलो आणि कुदळ कशाला तरी लागली. किसनरावनं कुदळ टाकून दिली. मी हातानं माती सारली. हाडं होती. बारीक बरगड्या, एक लांब हाड. अजून थोडी माती काढली आणि त्यातून एक शिंग बाहेर आलं. वळलेलं, वीतभर. त्याच्या शेजारी दुसरं.

"बकरी!" किसनराव ओरडला. तो रडत होता आणि हसत होता. "माय, बकरी हाय हे! बकरीनं ठोकलं दार! गोदा नाई, माय, बकरी!"

सरूबाई वळली. खड्ड्याजवळ आली. ते शिंग तिनं हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, खड्ड्यात पाहिलं, मग आम्हा दोघांच्या तोंडाकडं पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "होती एक बकरी. इसरलीच होती मी."

आणि मग ती रडली. किसनरावनं शिंग तिच्या हातातून घेऊन खड्ड्यात ठेवलं. आता खाटेच्या जागी खोदून पाहू का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "नोको. तिले राहू द्या." आम्ही खड्डा बुजवला. किसनरावनं वर नारळ फोडला. पौषात माल निघाला तेव्हा अमरावतीच्या बाजारात त्या कोबीवर गिऱ्हाईक तुटून पडलं. कुठली कोबी, ते किसनरावनं सांगितलं नाही, आणि माझ्या घरी जो गड्डा शिजला तो कुठला, हे मीही बायकोला सांगितलं नाही. ती म्हणाली, अशी गोड कोबी पहिल्यांदाच खाल्ली. मी पाण्याचा पेला संपवून उठलो.

त्यानंतर दर वर्षी रिठावर लावण होऊ लागली. माणसांचं भय मोडलं. मोटेचा आवाज, बायकांची गाणी, पोळ्यानंतर तिथं जत्रेसारखं वाटायचं. सरूबाई लावणीची मुकादम झाली. आणि मी? ही गोष्ट मी सभांमधून सांगत सुटलो. मोझरीच्या बाजूला शेतकरी मेळावा असो, की कचेरीत नवा साहेब येवो, माझी गोष्ट तयार. शेवटी मी म्हणायचो, "विद्येनं भूत घालवलं ते असं. आणि त्या बाईच्या छातीवरचा दगड उतरवला तो एका बकरीच्या शिंगानं." टाळ्या पडायच्या.

सहा-सात वर्षांनी माझी बदली अकोल्याला झाली. तिथल्या पहिल्याच भादव्यात एका दुपारी सरूबाई माझ्या कचेरीच्या दारात उभी. अमरावतीला त्या वर्षी कोबीचं चांगलं बी आलं नव्हतं, म्हणून किसनरावनं चिठ्ठी देऊन तिला मोटारीनं पाठवलं होतं. ती आता चांगलीच थकली होती. माझ्यासमोर एक नवीन असिस्टंट बसला होता. मी उत्साहानं त्याला म्हणालो, हीच ती बाई, आणि सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, शिंगापर्यंत. सरूबाई भुईवर बसून शांतपणे ऐकत होती. असिस्टंट वा वा करून निघून गेला.

मी बियांची पुडी बांधायला घेतली, तेव्हा ती म्हणाली, "सायेब, एक सांगू? आमच्या घरी बकरी कधीच नवती."

माझे हात थांबले.

"मग ती कुठली?"

"असन कोनाची. धाबं पडल्यावर कुठून तरी आत पडली असन, बिचारी. तुमी खोदलं तवा सारवलेली भुई लागली होती का?"

मी आठवू लागलो. भिंतीची ढेकळं. धाब्याचं कुजलेलं लाकूड. हाडं त्या सगळ्याच्या मध्ये होती. सारवून सारवून टणक झालेली भुई फावड्याला एकदाही लागली नव्हती. माती वाचणं हा माझा धंदा. कुठला थर आधीचा आणि कुठला नंतरचा, हे मी दुसऱ्यांना शिकवायचो. आणि त्या दिवशी शिंग दिसताच मी खोदणं थांबवलं होतं. बकरी पडक्या घरात होती. घर उभं असतानाची भुई अजून खाली होती, आणि तिच्यावर काय होतं ते आम्ही पाहिलंच नव्हतं.

"भिताडाच्या मातीत होती बकरी," सरूबाई म्हणाली. "मले तवाच दिसलं. दार गोदानंच वाजवलं, सायेब. ते तिथीच हाय, खालतं."

"मग त्या दिवशी हो का म्हणालात?"

"तुमी दोघं कसे झाले होते, पाह्यलं असतं तं समजलं असतं. किसनभाऊ तं लेकरासारखा रडून राहिला होता. मी जर म्हनली असती, अखीन खोदा, अन् ते निंगाली असती, तं दुसऱ्या दिवशी कोनी आलं असतं का रिठावर? पुना झुडपं माजले असते. पुना ते एकटी." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "आता पाहा, पोळा झाला की बाया येतात. बोलतात, हासतात, भांडतात. पानी येते. तिच्या दारात रोज कोनी ना कोनी असते. चाळीस वर्षं कोनीच नवतं, सायेब."

मी म्हणालो, की तिची इच्छा असेल तर मी येतो, किसनरावला समजावतो, खोदून नीट क्रियाकर्म करू.

तिनं मान हलवली. "मीच जात असते ना तिथी. त्या नऊ झाडाच्या जागी मीच लावते, दुसरीले लावू नाई देत. पयलं रोप लावलं की हाक मारते तिले. आता आत जाऊन मारते."

मग तिनं हात पुढं केला. "द्या बी. आभाळ उघडलं हाय, वाफे वाळून राहिले असतीन."